आवाजाची सूत्रं माझ्या हातात

३ फेब्रुवारी
पार्सल आलं. मिडी कंट्रोलर. पाटीएवढा काळा डबा, खाली स्लायडरची रांग, वर फिरवायच्या गोल बटनांची. उज्ज्वलाने विचारलं, यातून आवाज येतो का. म्हटलं, यातून आवाज येत नाही, हा आवाजावर हुकूम चालवतो. ती म्हणाली, म्हणजे रिमोट. रिमोट नव्हे. कंट्रोलर. फरक समजावून सांगत होतो तोवर ती भाजी टाकायला आत गेली.

गावचा क्रिकेटचा सरपंच चषक यंदा यूट्यूबवर लाइव्ह. गेल्या वर्षी मोबाइलवरून दाखवला तेव्हा लोकांनी दिवसभर वारा ऐकला. यंदा लॅपटॉप, फक्त तोंडापुढचंच ऐकणारे दोन माइक आणि लॅपटॉपमध्येच सॉफ्टवेअर मिक्सर. कॉमेंट्री माझी. तेलगावला झेरॉक्सचं दुकान आहे ते पोटापुरतं. आवाज हे माझं खरं काम. कॉलेजात असताना रेडिओच्या ऑडिशनला गेलतो. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, पण नाही असंही म्हणालेले नाहीत.

संकल्प : शुद्ध मराठी, रोज गरम पाण्याच्या गुळण्या, स्पर्धा संपेपर्यंत दही बंद.

५ फेब्रुवारी
दुकान बंद ठेवून सेटिंग. प्रकार सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'लर्न' दाबायचं, पडद्यावरचा एक स्लायडर निवडायचा आणि मग डब्यावरचा खरा स्लायडर हलवायचा. दोघांची ओळख होते. पुढे आपण डब्यावरचा हलवला की पडद्यावरचा आपोआप हलतो.

माझ्या माइकचा हलवला तर गाण्यांचा हलला. पुन्हा केलं. आता गाणी आणि माइक दोन्ही हलले, एक वर, एक खाली. व्हिडिओतला माणूस हे बोलता बोलता करतो, पण त्याच्या खोलीतली लाइट जात नाही. आपली गेली. लॅपटॉपची बॅटरी दिवाळीतच संपलेली. सगळं पुसलं गेलं. सेव्ह करायला विसरलो असं नाही. सेव्ह करण्याच्या बेतात होतो.

दुपारी दही खाल्लं. स्पर्धा अजून सुरू कुठे झालीय.

८ फेब्रुवारी
जमलं. स्लायडरवर चिकटपट्ट्या लावून नावं घातली. सोमेश्वर. नाथा. गाणी. जाहिरात.

नाथा म्हणजे उज्ज्वलाचा धाकटा भाऊ. मेंढरं राखतो. सरपंच धर्मराज म्हणाले, एकट्याने दिवसभर बोलून तुमचा घसा बसंल, जोडीला कोणी तरी घ्या. माझा घसा बसत नाही. पण उज्ज्वलाने लगेच नाथाचं नाव पुढे केलं आणि मेहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. ओढ्यापलीकडच्या मेंढरांना हाका मारून त्याचा आवाज इतका मोकळा झालाय, की त्याच्यापुढे माइक धरणं म्हणजे धोकाच. पण काळजी नाही. त्याचा स्लायडर माझ्या हाताखाली आहे.

१२ फेब्रुवारी
धर्मराज सांगून गेले, मैदानावर भोंगा लावायचा नाही. शेजारीच बारावीचं परीक्षा केंद्र. म्हणजे कॉमेंट्री फक्त यूट्यूबवर. नाथा हिरमुसला. मला उलट बरं वाटलं. मैदानावर बसलेल्याला डोळे आहेत. आपला खरा श्रोता बाहेरगावी. अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. ती माणसं फडात बसून मोबाइलवर आपली मॅच बघणार. त्यांच्या कानावर चांगलं मराठी जायला हवं.

हेडफोनची अडचण होती. आपलाच आवाज कॉम्प्युटरमधून वळसा घालून उशिरा कानात यायचा, कोणी मागे बसून वेडावल्यासारखा. माइक ज्या दुसऱ्या छोट्या डब्याला जोडतात त्यावर 'डायरेक्ट' नावाचं बटन सापडलं. दाबलं की माइकचा आवाज मिक्सरमध्ये न जाता थेट कानात. अडचण मिटली. हे शोधायला लोकांना वर्षं लागतात.

१५ फेब्रुवारी
पहिला दिवस. तंबूत टेबल, त्यावर सगळा संच. धर्मराज नारळ घेऊन उभे, मी भाषणाच्या कागदात, तेव्हा माइकच्या वायरी नाथाने खोचल्या. एवढं त्याला जमतं.

सुरुवात मी केली. ग्रामीण क्रीडासंस्कृतीवर थोडं बोललो. तोवर एक विकेट पडून गेली.

नाथाचा प्रकार वेगळाच. सत्यम नावाचा पोरगा खेळायला आला, तर हा म्हणतो, 'शिरोळच्या फडातल्या बंकटमामा, कोयता ठेवा घटकाभर. तुमचा सत्यम आलाय. पंचा तुमचाच बांधलाय डोक्याला.' ही कॉमेंट्री नव्हे, हा एसटी स्टँड झाला. आणि दर दोन बॉलला माझ्याकडे वळून, 'दाजी, काय म्हणता?' मग मी चेंडूच्या मार्गाचं विवेचन करायचं आणि त्याने म्हणायचं, 'बराबर हाय दाजी.'

कॉमेंट आली : 'दोघातला एक जण लई बोलतोय, त्याला गप करा कोणीतरी.' उज्ज्वलाला दाखवली. तिने विचारलं, कोणाबद्दल वाटतं तुम्हाला. म्हटलं, उघड आहे. ती म्हणाली, हो, उघड आहे.

पब्लिकला कळतं.

१६ फेब्रुवारी
निर्णय घेतला. 'नाथा' पट्टीचा स्लायडर अर्ध्याच्या खाली, 'सोमेश्वर' पूर्ण वर. कानात त्याचा आवाज होता तेवढाच येत राहिला, पण ते डायरेक्ट बटनामुळे. जगाला जातो तो मिक्सरमधून. मन थोडं खात होतं. मेहुणा आहे. शिवाय त्याने आज माझ्यासाठी घरून धपाटे आणले होते. पण कलेत नातं आणू नये.

परिणाम लगेच. कॉमेंट : 'आज आवाज लई भारी.' 'आज ऐकायला मोकळं वाटलं.' फोटो काढून ठेवले.

उज्ज्वला म्हणते, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. तिचा मोबाइल गेल्या उन्हाळ्यात हौदात पडलेला आहे.

१७ फेब्रुवारी
आज 'नाथा' शून्यावर. पूर्ण बंद. त्याला पत्ता नाही. सत्यमने सिक्सर मारला तेव्हा हा टेबलावर उभा राहायचाच बाकी होता. किती ओरडला, किती हातवारे. दया आली. जगात एकालाही ऐकू जात नव्हतं. तोच सिक्सर मी 'चेंडूने क्षितिजाचा वेध घेतला' असा सांगितला.

बघणारे वाढले. काही कॉमेंट मात्र समजल्या नाहीत. 'दाजी काय म्हणता विचारतो, दाजी गप, आणि वर म्हणतो बराबर हाय दाजी. हसून हसून मेलो.' दुसरा विचारतो, 'दाजी खरंच हाय का नाथानं मनानंच ठेवलाय?' विचार केला. नाथाचा ओरडा माझ्या माइकमध्ये थोडा शिरत असणार, आणि उत्तर देण्याआधी मी जो विराम घेतो तो लोकांच्या लक्षात आलाय. विराम ही मोठ्या वक्त्याची खूण. उद्यापासून वाढवायचे.

उज्ज्वला स्पष्टच म्हणाली, अहो, तुमचा आवाजच येत नाही, सगळा नाथाचाच येतोय. मी कागद घेतला. माइक, डबा, मिक्सर, कंट्रोलर, बाण काढून सगळं समजावलं. तिने कागद नीट बघितला. म्हणाली, चित्र छान काढलंय, पण एकदा ऐकून तर बघा.

आपलं काम लगेच ऐकू नये. अहंकार येतो. फायनलनंतर सलग ऐकायचं ठरवलंय.

२० फेब्रुवारी
सकाळी फोन. गेवराईचे शहादेव म्हणून आहेत, तिकडे मोठी स्पर्धा भरवतात. म्हणाले, तुमच्या चॅनेलवरची कॉमेंट्री रोज ऐकतो, लई जिवंत माणूस हाय, आमच्या स्पर्धेला पाहिजे. फायनल बघायला येतोय. मी घशातला खर्ज लावून आभार मानले. त्यांनी विचारलं, तुमी कोण बोलताय. म्हटलं, मीच तो. ते म्हणाले, फोनवर आवाज येगळाच वाटतो. फोनमध्ये खर्ज कापला जातो, हे त्यांना समजावलं.

दाढी, कटिंग. लग्नातला कोट काढला. बटन लागत नाही, पण बसून बोलायचं असल्याने दिसणार नाही.

उज्ज्वला म्हणाली, नाथाला पण सांगा. म्हटलं, त्याला नेणार आहेच. ट्रायपॉड उचलायला माणूस लागतो.  ती भाकरी जोरात थापायला लागली.

२२ फेब्रुवारी
उद्या फायनल. शेवटच्या ओव्हरचं निवेदन लिहून पाठ केलं. सत्यमची टीम जिंकणार हे गृहीत धरून लिहिलंय, तिचा फॉर्मच तसा आहे.

नाथाला सांगितलं, शेवटची ओव्हर मी एकटा घेणार. तू एक अक्षर बोलायचं नाही. त्याने विचारलं, 'सत्यम खेळत असंल तरी?' म्हटलं, तरी. 'बरं दाजी,' म्हणाला. गुणी आहे तसा.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
फायनल झाली. जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो.

शेवटची ओव्हर आली आणि सत्यम समोर. मी नाथाला खूण केली. तो गप झाला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला, शाळेत बसवल्यासारखा. मी सुरू केलं. आवाज लागला होता. शहादेव तंबूच्या दाराशी येऊन उभे होते.

ओव्हरच्या मध्येच नाथाच्या माइकला टेकून ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बंद झाला, परत वाजला. परत मान हलवली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शेवटचा बॉल राहिला होता, जिंकायला सिक्सर हवा होता, आणि या माणसाने फोन उचलला.

बंकटमामा होते. फडात रेंज नव्हती, चित्र मघाच अडकलं होतं, ते नुसते आवाजावर होते, आणि म्हणे आवाजही गेला. ते इतक्या जोरात बोलत होते की मला इथवर ऐकू आलं, 'आवाज कावून बंद केला बे नाथा? पोरगं माझं खेळतंय.'

नाथाने एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, माफी मागितल्यासारखा, आणि हळू आवाजात फोनवर बोलायला लागला. 'ठेवू नका मामा. मी सांगतो. शेवटचा बॉल हाय. सत्यम समोर हाय. इकडं तिकडं बघतोय, फिल्डर मोजतोय. बॉलर निघाला. मारला मामा. उंच गेलाय. लई उंच.' मग थांबला. मग म्हणाला, 'धरला मामा. कॅच झाला.'

मी माझं निवेदन चालूच ठेवलं होतं. फक्त विजयाचंच लिहिलेलं होतं, तेच शब्द थोडे फिरवून पराभवाला लावले. 'हा जल्लोष शब्दातीत आहे' हे वाक्य मात्र राहून गेलं तसंच.

नाथा अजून फोनवर. 'न्हाई, रडत न्हाई. उभा हाय. आता बसला खाली. तो बॉलर गेलाय बघा त्याच्याकडं. हात देतोय. उठवलं त्याला. तुमचं पोरगं लई चांगलं खेळलं मामा, हे मी तुमाला बरं वाटावं म्हणून सांगत न्हाई.' सत्यम तंबूत आला तेव्हा फोन त्याच्या हातात दिला. पोरगा पाठ करून बराच वेळ बापाशी बोलत उभा राहिला.

माझ्या समारोपात हा सगळा व्यत्यय. शहादेव आत आले. मी कोट सावरून हात पुढे केला. ते मला ओलांडून गेले आणि नाथाचे दोन्ही हात धरून उभे राहिले. डोळे पुसत होते. शिस्त मोडल्याबद्दल त्याला समजावत असावेत.

२४ फेब्रुवारी, दुपार
सलग ऐकायला बसलो. उज्ज्वलाने नाथालाही बोलावलं होतं. चहा ठेवला.

पहिल्या दिवशी मी आहे. सोळा तारखेला लांबून आहे. सतरापासून नाही.

नाथा बोलतो. 'दाजी, काय म्हणता?' मग वारा. मग 'बराबर हाय दाजी.' मग परत नाथा. असं दिवसच्या दिवस. फायनलची शेवटची ओव्हर लावली. काहीच नाही. पोरं पळतात, बॅट हलते, आवाज नाही. मग एका फोनची रिंग, दोनदा बंद होते, आणि मग नाथाचा हळू आवाज, 'ठेवू नका मामा.' उज्ज्वलाने पदर तोंडाला लावला.

तपासलं. सेटिंग बरोबर आहे. कंट्रोलर बरोबर आहे. माइकच्या वायरी उलट खोचल्या गेल्या. माझा माइक नाथाच्या भोकात, नाथाचा माझ्या. म्हणजे 'नाथा' पट्टीचा स्लायडर म्हणजे मी. तांत्रिकदृष्ट्या माझी काहीही चूक नाही, हे दोघांना सांगितलं.

नाथा हसायला लागला. 'माझंच चुकलं दाजी, वायरी मीच खोचल्या.' मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं. मग तो हसायचा थांबला. स्लायडरकडे बघत राहिला. पट्टीवर त्याचं नाव, स्लायडर तळाला. म्हणाला, 'म्हणजे तुमी माझा आवाज बंद केल्ता?'

मी टेबलाखाली एक वायर शोधायला वाकलो. बराच वेळ लागला. वर आलो तेव्हा तो काठी घेऊन बाहेर पडला होता. चहा तसाच. उज्ज्वला म्हणाली, सापडली का वायर.

२८ फेब्रुवारी
नाथा आला नाही. कामात असेल. मेंढरं कातरायची असतील. उज्ज्वला माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला बसा, गॅस संपलाय, इतकंच.

एक बाब लक्षात घ्यायला हवी. मी त्याचा आवाज बंद केला नसता, तर त्याचा आवाज इतका स्पष्ट गेलाच नसता. म्हणजे यशात माझा वाटा आहे. हे त्याला सांगावं का.

३ मार्च
सांगायला माळावर गेलतो. तो बाभळीखाली बसला होता. मला बघून उठला, पंचा झटकून बसायला जागा केली. मी वाक्य जुळवत होतो तोवर त्याने मेंढराच्या दुधाचा चहा पुढे केला. मग वाटा वगैरे राहून गेलं. तोंडातून निघालं, 'नाथा, तू लई चांगलं बोलतोस.' बाकीचं आठवेना.

तो खाली बघत म्हणाला, 'शहादेवांचा फोन आल्ता. मी सांगितलं, दाजी न्हाई तर मी बी न्हाई.'

डोळ्यात धूर गेला. त्याची चूल ओल्या काड्यांची आहे.

५ मार्च
शहादेव स्वतः घरी आले. त्यांनाही जोडीच हवी आहे. म्हणाले, दाजींचं गप राहणं आमच्याकडं लोकांना लई आवडलंय. नाथा विचारणार, तुमी काही बोलायचं न्हाई. तेवढीच अट.

विचार करून सांगतो म्हटलं. उज्ज्वला आतून म्हणाली, होय म्हणालेत ते.

बेत असा : अट मान्य करायची, आणि ऐन रंगात एक वाक्य टाकायचं. एकदा लोकांनी ऐकलं की शहादेवच म्हणतील, बोला.

२२ मार्च
गेवराई. परीक्षा संपल्यामुळे इथे चौफेर भोंगे. मिक्सर त्यांच्या माणसाकडे. माझ्यापुढे माइक आहे. वायर नाही. विचारलं तर म्हणाले, शोभेला हाय.

दुपारी नाथा रंगात आला. मैदान खचाखच. माझ्याकडे वळून म्हणाला, 'दाजी, काय म्हणता?' सगळे गप झाले. माझं वाक्य तयार होतं, आणि वायरीची गरजही नव्हती, इतकी शांतता. मी श्वास घेतला. नाथा बघत होता. त्याने मला अडवलं नसतं. स्वतःचा माइक त्याने अर्धवट माझ्याकडे केलाही होता.

मी काही म्हणालो नाही. सगळं मैदान हसलं, टाळ्या पडल्या. 'बराबर हाय दाजी,' नाथा म्हणाला.

परत येताना जीपमध्ये तो बसल्या बसल्या झोपला. दिवसभर बोलून दमला होता. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. मी आजची सगळी मॅच त्याला सांगितली, पहिल्या बॉलपासून, शुद्ध मराठीत, विरामांसकट. तेलगाव फाट्यावर जीप आदळली तसा तो जागा झाला. म्हणाला, 'काय म्हणता दाजी?'

म्हटलं, काही नाही.